काढून पुन्हा लावलेली केबल

जवळचं दिसेनासं झाल्यापासून दुरुस्तीला आलेल्या संगणकांच्या केबल उपसण्या-लावण्याचं काम शिकाऊ मुलाकडे आहे. हात त्याचा, डोकं माझं. त्यामुळे झालं एवढंच, की हात पूर्वी जे न विचारता करत असे, त्याचं कारण आता तोंडाने सांगावं लागतं, आणि सांगताना लक्षात येतं की त्यातली निम्मी कारणं तकलादू आहेत. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधली 11 क्रमांकाची नोंद घ्या: ड्रायव्हरला अमुक डिस्कवर कंट्रोलर एरर आढळली. (नोंदीत डिस्कचं नाव ‘हार्डडिस्क 1’ असलं तर ती दुसरी डिस्क, मोजणी शून्यापासून, ही ठेच प्रत्येक नवशिक्याला लागते.) यातला ‘कंट्रोलर’ शब्दच दिशाभूल करतो. पूर्वी कंट्रोलर हे वेगळं कार्ड असायचं, तेव्हा त्याच्याकडे बोट दाखवण्यात अर्थ होता. 1980च्या दशकात आयडीई ही जोडणी आली आणि कंट्रोलर हार्ड डिस्कच्याच पोटाखालच्या बोर्डावर जाऊन बसला; मदरबोर्डावर उरला तो त्याच्याशी बोलणारा दुभाषा. म्हणजे ही नोंद ‘मी विचारलं, पलीकडून धड उत्तर आलं नाही’ एवढंच सांगते. ती तक्रार आहे. आपण तिला निकाल समजतो.

उत्तर अडलं कुठे, हे शोधताना सगळेच आधी केबलला हात घालतात. गैर काही नाही, पण खरी अडचण तिथेच सुरू होते, आणि इतकी वर्षं माझं डोकं तिच्याभोवतीच फिरतंय. जुनी केबल काढली, नवी लावली, नोंदी थांबल्या; निदान काय? केबल खराब. पण केबल उपसून दुसरी खोचताना पोर्टातले पत्रे घासलेही गेलेले असतात. मुंबई-कोकणच्या दमट, खारट हवेत अशा संपर्कांवर पुटं चढतात. रॅमच्या पट्ट्या खोडरबराने घासायची आपली सवय त्यातूनच आलेली. मग गुण कशाचा, नव्या केबलचा की घासण्याचा? दोन उपाय एकाच हालचालीत झाले आणि पुरावा त्याच हालचालीत पुसला गेला. स्मार्टमधला, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंदवही ठेवते तिच्यातला, 199 क्रमांकाचा आकडा थोडी मदत करतो. वाटेत बिघडलेल्या डेटाची ती मोजणी, आणि ती एरवी खाली येत नाही. म्हणून कामाआधी आकडा लिहून ठेवायचा आणि पुढे वाढतो का ते पाहायचं. तो वाढत असेल तर संशय वाटेवर. 197, म्हणजे धड वाचता न आलेल्या सेक्टरांची मोजणी, वाढत असेल तर तबकडीवर. पण वाट म्हणजे केबल, पोर्ट, संपर्क सगळंच आलं, शिवाय एसएमपीएसचा 12 व्होल्टचा पुरवठा मोटर फिरायला लागताना क्षणभर खचत असेल तर तेही. मल्टीमीटर सरासरी दाखवतो. तो क्षण त्याच्या हाती लागत नाही. निर्णायक चाचणी एकच: ‘खराब’ ठरवलेली केबल परत लावून नोंदी परत येतात का पाहणं. ती कुणी करत नाही.

कशाला करायची, असं विचारतील. संगणक चालू झाला, गिऱ्हाईक गेलं. याला उत्तर म्हणून मी 2011चं उदाहरण देतो. त्या वर्षी 31 जानेवारीला इंटेलने स्वतःच जाहीर केलं, की 6 मालिकेच्या चिपसेटमध्ये दोष आहे: 3 गिगाबिटचे साटा पोर्ट काळानुसार कमकुवत होऊ शकतात, 6 गिगाबिटचे दोन मात्र ठणठणीत. म्हणजे इथे मदरबोर्डावरचा दुभाषाच खरोखर दोषी होता. केबल बदलताना सहज शेजारच्या चांगल्या पोर्टात खोचली गेली असती, तर निर्दोष केबल कचऱ्यात गेली असती आणि दोषी पोर्ट पुढच्या डिस्कची वाट पाहत बसला असता. दुसरा आक्षेप स्मार्टच्या भक्तांचा: आकडे स्वच्छ असतील तर डिस्क चांगलीच. गूगलच्या अभियंत्यांनी 2007 साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला. त्यात निकामी झालेल्यांपैकी 56 टक्क्यांहून अधिक डिस्कवर स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही उमटलेली नव्हती. आणि पहिली स्कॅन एरर दिसलेली डिस्क पुढच्या 60 दिवसांत मरण्याची शक्यता इतरांच्या 39 पट. तेव्हा आकडा गप्प असला तरी डेटाची नक्कल आधी, निदान नंतर.

हा क्रम उलटा करणारे ‘फॉरमॅट मारून बघू’ पंथाचे लोक मला चीड आणतात. आजारी डिस्कवर चेकडिस्क चालवणं म्हणजे मोडलेल्या पायाने धावायला लावणं. पण त्यांच्यावर रागावताना माझाही अहंकार लपत नाही. जुनी केबल परत लावायला वेळ नसतो, हे सोयीचं कारण. खरं तर ‘केबल होती’ हे वाक्य टेबलावर केबल आपटत म्हणण्यात सुख आहे, आणि ती परत लावल्यावर मुकाट्याने चालली तर ते सुख जाईल. म्हणून ती लगेच कचऱ्यात. आता एम.2च्या एसएसडी पट्ट्यांना केबलच नाही. एक स्क्रू सोडवायचा, पट्टी काढायची, परत दाबून बसवायची. मुलगा तेवढंच करतो, नोंदी थांबतात, आणि ‘काय झालं होतं?’ असं गिऱ्हाइकाने विचारलं की तो माझ्याकडे बघतो.