पहिलीचा गोल

सोमवार, 16 जून 2025
शाळा उघडली. परिपाठ नेहमीच्या क्रमाने: राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा. सातवीची मुलं माइकवर खणखणीत म्हणतात, ऐकायला छान वाटतं. पहिलीची मुलं राष्ट्रगीताची 52 सेकंदं ताठ उभी राहतात. उद्देशिका येईपर्यंत पायाच्या अंगठ्याने मातीत रेघा ओढू लागतात. चूक त्यांची नाही. परिपाठ मोठ्यांच्या मापाचा आहे. वर्गात आल्यावर सतरंजीवर सगळ्यांना गोल बसवलं.

बुधवार, 18 जून
गोलाचा क्रम ठरला. आधी टाळ्यांचं बडबडगीत. मग हजेरी, ती मी घ्यायची नाही, प्रत्येकाने आपलं नाव आणि येताना वाटेत काय दिसलं ते सांगायचं. मग शेजाऱ्याची नखं बघायची. शेवटी फळ्यावर आजचा वार, आणि सूर्य, ढग किंवा छत्री. यात रोज नवं काही घुसवायचं नाही. घड्याळ न कळणाऱ्या मुलाला पुढे काय येणार हे ठाऊक असलं, की धास्ती उरत नाही. आज रडणारे कमी होते.

सोमवार, 23 जून
पाऊस. परिपाठ व्हरांड्यात. नखं बघताना ताराबाई मोडक आठवल्या. 1945 साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. मुलं शाळेपर्यंत येईनात म्हणून त्यांनी बालवाडीच अंगणात नेली. त्यांच्याकडे स्वच्छता हाही शिकण्याचाच भाग होता. म्हणून आमच्या वर्गात नेलकटर खिळ्याला टांगलेलं आहे. नखं वाढली म्हणून कुणाला उभं करायचं नाही, तिथल्या तिथे कापून द्यायची.

गुरुवार, 26 जून
शाहू महाराजांची जयंती. दिनविशेषात 1917 सालच्या सक्तीच्या मोफत शिक्षणाच्या हुकुमाची माहिती वाचली गेली. गोलात तेच सोपं करून सांगितलं. एका मुलीने विचारलं, "बाई, आणि नाय पाठवलं तर?" म्हटलं, आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. ती शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाली, "मग त्याच्या आईला सांगा की." तिथे बसणारा मुलगा पेरणीमुळे दोन दिवस आलेला नाही. मधल्या सुट्टीत त्याच्या घरी जाऊन आले.

मंगळवार, 1 जुलै
ऐन गोलाच्या वेळी पोषण आहाराची माहिती भरायला ऑफिसात जावं लागलं. परतले तेव्हा हजेरी आणि नखं उरकून मुलं आभाळापर्यंत पोचली होती. ढग की छत्री यावर वाद चालला होता. दोघं पागोळ्यांखाली हात धरून खात्री करून आली. फळ्यावर छत्री उमटली, थोडी वाकडी.

पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे: परिपाठानंतरची पंधरा मिनिटं मुलांच्या हाती द्या. कागदपत्रं दुपारी भरता येतात.