ताईचे तिकीट

माझी थोरली बहीण सातवी शिकलेली. लग्नानंतर मुंबईला नवीन आली तेव्हा रेल्वेच्या खिडकीवर तिला चुकीचे तिकीट मिळाले. विचारायला गेली तर "पुढे व्हा" म्हणून हाकलले. गाडीत तपासनिसाने दंड घेतला तो वेगळाच. तेव्हापासून तिकीट दुसऱ्याने काढायचे आणि ताईने मागे उभे राहायचे, असे होऊन बसले.

तिचा मुलगा पोर्तुगालमध्ये पोर्तो शहरी एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. ताई त्याला भेटायला निघाली. विमान लिस्बनला उतरणार, पुढे रेल्वेने सुमारे तीन तास. भाच्याला सुट्टी नव्हती. "आई, तिकीट मी मोबाईलवर पाठवतो," तो म्हणाला. ताई म्हणाली, "नको. या वेळी माझं तिकीट मी काढीन."

मी कारकून माणूस. फुलस्केप कागदावर देवनागरीत वाक्ये उतरवली.

"केरीया उं बिल्येत पारा उ पोर्तु, पुर फावोर" म्हणजे मला पोर्तोचे एक तिकीट हवे होते. "सो ईदा" म्हणजे फक्त जाण्याचे, "ईदा इ वोल्ता" म्हणजे जाण्यायेण्याचे. "क्वांतु कुश्ता?" किती पैसे? "आ के ओराश पार्त उ कोंबोयु?" गाडी किती वाजता सुटते? "द के लिन्या?" कोणत्या फलाटावरून? तिकिटावर "कारुआजें" पुढे डब्याचा आकडा, "लुगार" पुढे आसनाचा. आभार मानताना बाईने "ओब्रिगादा" म्हणायचे, पुरुषाने "ओब्रिगादु".

पैसे चुकते करणे म्हणजे "पगार". हे ऐकून ताई हसली, "हा तर आपलाच शब्द!" मी म्हटले, "ताई, पगार, चावी, बटाटा हे त्यांच्याकडूनच आपल्याकडे आले. तू रोज थोडं पोर्तुगीज बोलतेसच. मग भ्यायचं कशाला?"

महिनाभर रोज जेवणानंतर मी खिडकीतला बाबू व्हायचो आणि ताई प्रवासी.

लिस्बनच्या ओरिएंते स्थानकावर ती एकटी खिडकीपाशी उभी राहिली. सगळे नीट बोलली. तेवढ्यात आतल्या माणसाने विचारले, "प्रिमैरा ओ सगुंदा?" म्हणजे पहिला वर्ग की दुसरा? पण तिकडे वारही आकड्यांनी ओळखतात. सोमवार म्हणजे "सगुंदा-फैरा", दुसरा वार. मी कागदावर तेवढेच लिहिले होते. तो दिवस शुक्रवारचा. ताईला वाटले, हा सोमवारचे तिकीट देतोय! मागे रांग वाढत होती. तिने शांतपणे कागद उलगडला, "आज" चा शब्द शोधला आणि म्हणाली, "ओज, पुर फावोर." त्या माणसाने हसून आधी एक बोट दाखवले, मग दोन. ताईने दोन बोटे दाखवली आणि दुसऱ्या वर्गाचे तिकीट हातात आले.

चूक माझ्या कागदाची होती. रात्री फोनवर तसे कबूल केले. ताई म्हणाली, "असू दे रे. मागे रांग होती, पण कुणी पुढे व्हा म्हटलं नाही. आणि म्हटलं असतं तरी मी हलले नसते."

बंधू-भगिनींनो, आपल्या घरातही अशी एखादी आई, मावशी, वहिनी मागे उभी असेल. तिचे तिकीट काढून देणे सोपे असते. पण चार वाक्ये शिकवून तिला खिडकीपुढे उभे करा. पोर्तुगीज कशाला, सुरुवात आपल्या एस.टी. स्टँडवरूनही होते.