टाच जमिनीला

भोसरीच्या शेडमध्ये टिग वेल्डिंग शिकायला लागलो, तेव्हा उस्तादांनी पहिले आठ दिवस आर्क मारू दिला नाही. मशीन बंद, टॉर्च हुकाला लटकलेला आणि मी स्टुलावर बसून नुसता पेडल दाबतोय. टाच जमिनीला टेकलेली, चवडा पेडलवर. मांडीतून जोर आला की ते गुडघ्यावर हात ठेवायचे. "घोट्यातून दाब. दूध वर आलं की गॅस बारीक करतोस ना? बंद नाही करत. तसंच."

टिगमध्ये उजव्या हातात टॉर्च, डाव्या हातात फिलर रॉड, डोळे काळ्या काचेआड. दोन्ही हात गुंतलेले. मग करंट सांभाळायला उरतो तो पाय. पेडलच्या आत रेडिओचा आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणासारखाच पोटेन्शिओमीटर असतो. चवडा जितका दबेल तितका करंट चढतो, पण पॅनेलवर लावलेल्या आकड्याच्या वर जात नाही.

नवी पोरं पहिल्यांदा चुकतात ती त्या आकड्यावर. दीड मिमीच्या स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याला 50-55 अँपिअर पुरतात. पोरगं पॅनेलवर 160 लावतं, म्हणतं, पेडल आहे ना, कमी दाबेन. मग सगळं काम पेडलच्या वरच्या तिसऱ्या हिस्स्यात अडकतं. पाय नखभर हलला की दहा-बारा अँपिअर वाढतात आणि पत्र्याला भोक पडतं. पॅनेलवर 75 लावलं की तोच पाय शहाणा होतो. पेडलची जवळजवळ सगळी चाल कामाला येते. सेफ्टी शूजच्या जाड तळव्यातूनही मग पाच अँपिअरचा फरक कळायला लागतो. एवढं जरी कोणी नीट शिकवलं, तरी निम्मा स्क्रॅप वाचेल असं माझं मत आहे.

माझं बरंचसं आयुष्य डेअरीच्या पाइपांवर गेलं. दीड इंची नळी, तिच्या तोंडाला फेरूल, म्हणजे जोडाची कडी. नळीची भिंत जेमतेम 1.6 मिमी, फेरूल तिच्याहून जाड. आर्क पेटला की आधी फेरूलच्या बाजूला तोंड करायचं, पाय खाली न्यायचा आणि थांबायचं. धातू आधी नुसता चमकतो, मग घाम फुटल्यासारखा ओला होतो, मग आरशासारखा गोल थेंब तयार होतो. तो नळीच्या कडेला टेकला की निघायचं. अर्धा फेरा होईपर्यंत नळी स्वतःच तापलेली असते. त्याच करंटवर पुढे गेलं तर थेंब रुंदावत जातो, टाका निळा आणि पुढे करडा पडतो. तिथे चवडा केसभर सैल करायचा. फेरा पुरा होऊन सुरुवातीच्या टाक्याशी येतो तेव्हा पाय मघापेक्षा बराच वर आलेला असतो, आणि टाका शेवटपर्यंत गव्हाळ सोनेरी राहतो. तो रंग पाहिला की आजही बरं वाटतं.

पण वेल्डरची खरी परीक्षा शेवटच्या तीन सेकंदांत होते. आर्क एकदम तोडला की थेंबाच्या कडा आधी गोठतात, मधला भाग सर्वांत शेवटी. तो आकसतो तेव्हा भरायला धातू उरलेला नसतो, आणि बरोबर मधोमध तडा जातो. ॲल्युमिनियममध्ये तर फारच. पेडल नसलेल्या एका शॉपमध्ये मी ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटांचं काम केलं होतं. बटण दाबलं की चालू, सोडलं की बंद. करंट हळूहळू उतरवायची सोय मशीनमध्ये होती, पण ती कोणी लावली नव्हती, आणि मीही विचारलं नाही. डोळ्यांना सगळे टाके सुरेख दिसत होते. तपासायला लाल डाय मारली, थोडं थांबून पुसली, वर पांढरा डेव्हलपर फवारला. मिनिटाभरात प्रत्येक टाक्याच्या शेवटी पांढऱ्यावर लाल चांदणी उमटली. बाराच्या बारा ब्रॅकेट परत. त्या चांदण्या मी विसरलेलो नाही.

पेडलवर हेच काम सोपं होतं. शेवटी यायचं, रॉडचा एक जादा थेंब द्यायचा आणि पाय सावकाश वर घ्यायचा. थेंब डाळीएवढा, मग मोहरीएवढा होत विझतो. टॉर्च मात्र लगेच हलवायचा नाही. टॉर्चमधून आर्गॉन वायू आणखी काही सेकंद वाहत असतो, तो गरम टाक्यावर आणि टॉर्चमधल्या टंगस्टनच्या टोकावर राहू द्यायचा. घाई केली की टोक काळं पडतं.

टिग मुळातच अशा नाजूक मालासाठी जन्मलं. अमेरिकेत नॉर्थ्रॉपच्या विमान कारखान्यात रसेल मेरेडिथने मॅग्नेशियम जोडायला टंगस्टन आणि हीलियम वापरला. 1942 मध्ये त्याला पेटंट मिळालं.

पेडल सगळीकडे चालत नाही, हे मान्य. रॅकवर वीस फूट उंच, एका गुडघ्यावर बसून पाइप मारणाऱ्याने पाय कुठे ठेवायचा? तिथे टॉर्चच्या मुठीवरचं छोटं चाक बोटाने फिरवतात. माझं बोट चाकावर गेलं की टॉर्च किंचित डुलतो. सवय व्हायला मला वर्ष लागलं. आणि कित्येक पाइप वेल्डर पेडल किंवा चाक अशा कुठल्याच रिमोटशिवाय, फक्त टॉर्चचा कोन आणि हाताचा वेग यांवर उष्णता सांभाळतात, शेवटचा थेंब पाइपच्या भिंतीवर ओढून नेऊन विझवतात. त्यांच्यासमोर मी आदराने उभा राहतो. पण ती विद्या वर्षानुवर्षांची असते. शिकाऊ पोराकडून ती पहिल्या महिन्यात मागणं अन्याय आहे.

चांगल्या टिग मशीनच्या पुढच्या अंगाला रिमोटचं सॉकेट असतं. कितीतरी शॉपमध्ये ते मी टोपणासकट, धुळीने भरलेलं पाहतो. शॉप चालवणाऱ्यांना आणि आयटीआयमधल्या निदेशकांना माझी विनंती आहे: ते टोपण काढा, पेडल जोडा, खाली रबराची चटई टाका म्हणजे ते सरकणार नाही, आणि पोराला टाच जमिनीला टेकवायला सांगा.