फ्लोरिडातील ५३७ मते

७ नोव्हेंबर २००० रोजी झालेल्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीचा फैसला पाच आठवडे लांबला. डेमोक्रॅटिक पक्षाचे अल गोर यांना रिपब्लिकन जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्यापेक्षा देशभरात पाच लाखांहून जास्त मते पडली होती. परंतु अमेरिकेचा अध्यक्ष राज्याराज्यांतून येणाऱ्या निर्वाचकांच्या बहुमताने ठरतो, आणि सगळे गणित फ्लोरिडाच्या २५ निर्वाचकांवर येऊन थांबले. सुमारे साठ लाख मतदान झालेल्या या राज्यात पहिल्या मोजणीत बुश १,७८४ मतांनी पुढे होते. फरक अर्ध्या टक्क्याहून कमी असल्यामुळे कायद्याप्रमाणे यंत्रांवर पुन्हा मोजणी झाली आणि आघाडी तीनशेच्या आसपास उतरली.

भारतीय वाचकाला चकित करणारी गोष्ट म्हणजे ही निवडणूक घेणारा आपल्यासारखा स्वतंत्र निवडणूक आयोग तिथे नव्हता. फ्लोरिडाच्या ६७ काउंट्या आपापली यंत्रे आणि मतपत्रिका ठरवत. राज्याचा निकाल प्रमाणित करणाऱ्या कॅथरिन हॅरिस बुश यांच्या फ्लोरिडातील प्रचारसमितीच्या सहअध्यक्षा होत्या, राज्याचे महाधिवक्ता बॉब बटरवर्थ गोर यांच्या तिथल्या प्रचाराचे प्रमुख, तर राज्यपाल जेब बुश हे उमेदवाराचे सख्खे भाऊ. त्यामुळे कोणताही निर्णय झाला की त्याची कारणे तपासण्याआधी तो घेणाऱ्याचा पक्ष पाहिला जाई.

अनेक काउंट्यांत मतदार जाड कार्डावर टोच्याने भोक पाडून मत देत. भोकातला कागदाचा कपटा, ज्याला तिथे ‘चॅड’ म्हणतात, पूर्ण सुटला नाही तर यंत्र ते मत वाचत नसे. पाम बीच काउंटीत आणखी एक घोळ होता. उमेदवारांची नावे समोरासमोरच्या दोन पानांवर आणि भोके मधल्या एकाच ओळीत. गोर यांचे नाव डाव्या पानावर दुसरे, पण त्यांचे भोक तिसरे. दुसरे भोक उजव्या पानावरच्या पॅट ब्युकॅनन यांचे. कडव्या उजव्या ब्युकॅनन यांना त्या डेमोक्रॅटिक काउंटीत ३,४०७ मते मिळाली, आणि त्यांतली बरीच आपली नसावीत असे त्यांनी स्वतःच सांगितले. एकाहून जास्त भोके पडल्याने तिथली १९ हजारांहून अधिक मते बादही झाली. ही मतपत्रिका तयार करणारी अधिकारी डेमोक्रॅटच होती. न्यायालयांनी फेरमतदानाची मागणी मान्य केली नाही. संपूर्ण प्रकरणात सर्वांत मोठा अन्याय हाच होता आणि त्यावर कायद्याकडे उपाय नव्हता.

उरला प्रश्न हाताने फेरमोजणीचा. गोर यांच्या बाजूचे सूत्र होते, प्रत्येक मत मोजले गेले पाहिजे. मात्र त्यांनी फेरमोजणी मागितली ती चारच काउंट्यांत, आणि चारही त्यांच्या पक्षाकडे झुकलेल्या. पुढे त्यांनी सबंध राज्यात मोजणीची तयारी दाखवली, पण बुश यांनी ती नाकारली. बुश यांच्या बाजूचे म्हणणे होते की निवडणुकीनंतर नियम बदलू नयेत आणि माणसाच्या डोळ्यापेक्षा यंत्र निःपक्षपाती असते. मात्र बुश राज्यपाल असलेल्या टेक्सासमध्ये त्यांनीच १९९७ साली सही केलेला कायदा हाताच्या मोजणीला प्राधान्य देत होता आणि मतदाराचा हेतू दिसत असेल तर नुसता दबलेला कपटाही मोजू देत होता.

या भांडणाचे खरे स्वरूप टपालाने आलेल्या मतांच्या वेळी उघडे पडते. परदेशातील सैनिकांच्या काही पाकिटांवर टपालाचा शिक्का नव्हता. आता डेमोक्रॅट वकील नियमावर बोट ठेवू लागले आणि रिपब्लिकन मतदाराच्या हेतूची बाजू मांडू लागले. सेमिनोल काउंटीत रिपब्लिकन कार्यकर्त्यांनी टपाली मतांच्या अर्जांत राहून गेलेले मतदार क्रमांक भरले होते, तेव्हाही हीच अदलाबदल झाली. दोन्ही तत्त्वे आपापल्या जागी रास्त आहेत. नियमाशिवाय मोजणी होत नाही, आणि हेतू डावलला तर मोजायचे काय? पण एकाच महिन्यात दोन्ही पक्षांनी दोन्ही तत्त्वे वापरली, आणि प्रत्येक वेळी तत्त्व निवडले गेले ते मतांचा फायदा पाहून. राज्यांच्या अधिकारांचा कैवार घेणारे रिपब्लिकन संघीय न्यायालयात धावले आणि डेमोक्रॅट राज्याच्या न्यायालयाचे पहारेकरी झाले.

२६ नोव्हेंबरला हॅरिस यांनी बुश ५३७ मतांनी विजयी झाल्याचे प्रमाणित केले. मायामी-डेडची मोजणी गोंधळ आणि निदर्शनांनंतर अर्धवट थांबली होती, तर पाम बीचची मुदतीत पूर्ण झाली नाही. ८ डिसेंबरला फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी राज्यभर, यंत्राने न वाचलेल्या मतपत्रिका तपासण्याचा आदेश दिला. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो स्थगित केला.

१२ डिसेंबरच्या निकालात सात न्यायमूर्तींना मोजणीच्या पद्धतीत दोष दिसला. दबलेला कपटा कुठे ग्राह्य, कुठे अग्राह्य, यामुळे मतदारांना समान वागणूक मिळत नाही, हा मुद्दा वजनदारच होता. त्यावर समान निकष ठरवून मोजणी पुढे चालू ठेवता आली असती. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने वेळ संपल्याचे सांगून ती थांबवली. वेळ गेला होता तो बराचसा याच न्यायालयाच्या स्थगितीमुळे, म्हणून निकालाचा हा भाग पटत नाही. शिवाय हा विचार या प्रकरणाच्या परिस्थितीपुरताच आहे, असेही त्यात नमूद केले गेले. पाचही न्यायमूर्ती रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले असल्याने पक्षपाताचा आरोप झाला. विरोधी मत देणाऱ्या चौघांपैकी स्टीव्हन्स आणि सूटर यांचीही नेमणूक रिपब्लिकन अध्यक्षांचीच होती, हे मात्र आरोप करणारे बहुधा सांगत नाहीत. गोर यांनी १३ डिसेंबरला निकालाशी तीव्र असहमती नोंदवून पराभव मान्य केला. बुश यांना २७१ निर्वाचक मते मिळाली, गोर यांना २६६.

पुढच्या वर्षी वृत्तसंस्थांच्या गटाने शिकागोच्या एका संशोधन संस्थेकडून सुमारे १,७५,००० वादग्रस्त मतपत्रिका तपासून घेतल्या. गोर यांनी मागितलेल्या चार काउंट्यांतली मोजणी पूर्ण झाली असती तरी बुश जिंकले असते. राज्यभरातल्या सगळ्या बाद मतपत्रिका, दोन खुणांच्या धरून, तपासल्या असत्या तर गोर अगदी थोड्या फरकाने पुढे गेले असते. यातला अर्धा निष्कर्ष एक पक्ष सांगतो, उरलेला दुसरा. २००२ साली काँग्रेसने कायदा करून भोकांची यंत्रे बदलण्यासाठी राज्यांना पैसा दिला आणि ज्यांच्या पात्रतेवर शंका आहे अशा मतदारांनाही तात्पुरते मत देण्याची सोय केली. निवडणूक चालवण्याचे काम मात्र राज्यांकडे आणि काउंट्यांकडेच, बऱ्याच ठिकाणी पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्या अधिकाऱ्यांच्या हाती राहिले.