ड्रायव्हर कुठे झोपणार?

गेल्या महिन्यात दौंडच्या ओपीडीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड आले होते. रक्तदाब तपासून झाल्यावर म्हणाले, "डॉक्टर, मुलाने कॅराव्हॅन बुक केलीय, गोव्यापर्यंत जायचंय. मला गाडी येत नाही, मुलाला घाटात चालवायची भीती वाटते, म्हणून ड्रायव्हर घेतोय. माझ्या तब्येतीला झेपेल ना?"

मी म्हटलं, "तुम्हाला झेपेल. पण ड्रायव्हर रात्री कुठे झोपणार?"

ते बघतच राहिले. तीन वर्षांपूर्वी मला कुणी हे विचारलं असतं तर मीही असाच बघत राहिलो असतो. म्हणून आज थोडं स्वतःबद्दल.

माझा दवाखाना शिरूरला आणि दर गुरुवारी दौंडला ओपीडी. न्हावरे, पारगाव, केडगाव-चौफुला, पाटस हा रस्ता मी वर्षानुवर्षं स्वतः गाडी चालवत केला. एका संध्याकाळी परतताना डावीकडच्या पाणंदीतून उसाचा ट्रॅक्टर रस्त्यावर आला. सौ. किंचाळली म्हणून ब्रेक दाबला. दोन ट्रॉल्या भरून ऊस, एवढं धूड, आणि मला ते दिसलंच नव्हतं. मी ट्रॅक्टरवाल्यालाच चार शब्द सुनावले. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "तो केव्हाचा दिसत होता."

पुण्याला जाऊन डोळे तपासले. तक्त्यावरची शेवटची ओळ मी घडाघडा वाचली, म्हणजे नजर ६/६. मग दृष्टिक्षेत्राची तपासणी झाली, म्हणजे समोर एका ठिपक्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला लुकलुकणारे दिवे दिसले की बटण दाबायचं. कागदावर काळ्या कमानी उमटल्या. काचबिंदू, दोन्ही डोळ्यांत.

मोतीबिंदू आणि काचबिंदू यांत पुष्कळ लोक गल्लत करतात. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, ते बदललं की दिसू लागतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस झिजते, बहुतेक वेळा डोळ्यातल्या वाढलेल्या दाबामुळे. झिजलेली नस परत येत नाही. थेंब, लेझर किंवा शस्त्रक्रियेने पुढचं नुकसान रोखायचं, एवढंच हातात असतं. त्याच्या नेहमीच्या प्रकारात दुखत नाही, डोळा लाल होत नाही, आणि नजर कडेकडेने जाते. पेशंटला तिथे अंधार दिसत असेल असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. मेंदू ती मोकळी जागा आजूबाजूच्या रंगाने भरून टाकतो. मला रिकामा रस्ता दिसत होता, अगदी स्वच्छ. (माझ्या वडिलांना काचबिंदू होता. पेशंटांना "घरात कुणाला असेल तर चाळिशीनंतर नियमित तपासा" असं सांगणाऱ्या मी स्वतः तपासलं नव्हतं.)

गाडी बंद. दाराशी उभी असलेली आपली गाडी आणि किल्ली दुसऱ्याच्या हातात, हे पहिले काही महिने मला फार लागलं. गुरुवारच्या ड्रायव्हरशी मी उगाच तुसडेपणाने बोलायचो. मी मागे बसत नसे, पुढे बसून गिअर कधी बदलावा ते सांगत असे.

पुढच्या वर्षी कोकणात जायचं ठरलं. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून सौ.च्या मनात होतं. आम्ही दोघं आणि दौंडचे साडू-मेहुणी. चौघांपैकी कुणीच चालवणारं नाही, म्हणून गाडी ड्रायव्हरसह भाड्याने घेतली. मी काय काय विचारलं होतं! गादी किती जाड, पाण्याची टाकी किती लिटरची, संडास कसा. ड्रायव्हरबद्दल एकच प्रश्न: पितो का? नाही म्हटल्यावर निर्धास्त झालो.

पहाटे शिरूरहून निघालो, दौंडला त्या दोघांना घेतलं आणि पाटस, बारामती, फलटण, सातारा करत रात्री कऱ्हाडच्या पुढे एका ढाब्याशी थांबलो. चौघांना मागे चार बिछाने. ड्रायव्हर तिशीतला, अबोल. "दादा, तुमचं काय?" मी विचारलं. "मी पुढं पडतो, साहेब. सवय आहे आपल्याला." बरं म्हणून मी पडदा ओढला.

दुसऱ्या दिवशी आंबा घाट त्याने सुरेख उतरवला. जेवण झालं. अडीचच्या सुमाराला, साखरप्याच्या पुढे, डाव्या चाकांखाली खडी वाजली. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो, पण डावी कड मला दिसत नव्हती; कानांनाच कळलं. "दादा!" म्हणून ओरडलो. मोरीचा कठडा हातभर अंतरावरून गेला. त्याचे डोळे उघडे होते, आणि तो म्हणाला, "झोपलो नव्हतो, साहेब."

खोटं बोलत नव्हता तो. याला आम्ही क्षणझोप म्हणतो. मेंदू काही सेकंदांसाठी बंद पडतो, कधी डोळे उघडे असतानाही, आणि ज्याला ती लागते त्याला बरेचदा पत्ताच नसतो. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी चार सेकंदांत सुमारे ९० मीटर जाते. माझा ट्रॅक्टर आणि त्याची मोरी यांत मला फारसा फरक वाटला नाही.

गाडी झाडाखाली लावली. मग कळलं ते असं. आमच्या आदल्या रात्री दोन वाजता तो महाबळेश्वरची ट्रिप सोडून आला, गाडी धुतली आणि पाचला आमच्या दारात. रात्री सीटवर अंग दुमडून, डासांत, शेजारी ट्रकची ये-जा. छत्तीस तासांत मिळून चार तास झोप असेल. मालक रात्रीचा भत्ता देतो, पण लॉजमध्ये झोपलं तर तो संपतो. गाडीत झोपलं तर घरी जातो. त्याला दोन मुली आहेत.

"मागे जाऊन झोपा," मी म्हटलं. तो तयार होईना. "गादीवर कसं झोपू, वहिनी बसल्यात." सौ. खाली उतरली आणि म्हणाली, "झोपा गुपचूप." आम्ही चौघं दोन तास झाडाखाली बसलो. साडूंना रत्नागिरीला उशीर होत होता, ते थोडे कुरकुरले.

झोपेची सवय होत नाही, हे इथे ठामपणे लिहितो. कमी झोपेची तक्रार करणं थांबतं, चुका थांबत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं की सलग १७ तास जागा असलेला माणूस १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असल्यासारख्या चुका करतो. आपल्या कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे "पितो का?" हा माझा प्रश्न बरोबर होता, पण अर्धाच होता. पहाटे दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळा सर्वांत वाईट. तेव्हा खिडकी उघडणं, गाणी लावणं, तोंडावर पाणी मारणं यांचा उपयोग मिनिटांपुरता. चहा-कॉफीचा परिणाम व्हायला अर्धा तास लागतो, म्हणून कॉफी पिऊन लगेच वीस मिनिटं डुलकी काढावी, हे त्यातल्या त्यात बरं. सर्दीच्या काही गोळ्यांनीही गुंगी येते. आणि मधुमेहाची गोळी घेणाऱ्या ड्रायव्हरला तुमचं दर्शन होईपर्यंत उपाशी ठेवू नका; साखर उतरली की हात थरथरतात, डोकं चालत नाही. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा, तो २०२५ पर्यंत लागू होता; त्यात दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. तो कायदा छोट्या मालकांना लागू होतही नसेल तेव्हा, पण झोप सगळ्यांना लागते.

तेव्हापासून मी भत्ता वाढवून देत नाही, खोलीच बुक करतो, आपल्या हाताने, पलंग आणि बाथरूमसकट. रोख दिले तर ते मुलींकडेच जाणार, आणि त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. गाडी ठरवताना आधी विचारतो की ड्रायव्हरची मागची ट्रिप कधी संपतेय. मधे एक रात्र नसेल तर तारीख पुढे ढकलतो.

हे सगळं त्या गार्डसाहेबांना थोडक्यात सांगितलं. ते हसायला लागले. "म्हणजे रनिंग रूम म्हणा की! आम्ही ड्युटी करून परगावी उतरलो की पहिली रनिंग रूम. कॉट, जेवण, आणि झोप झाल्याशिवाय कुणी उठवायचं नाही." मग चिठ्ठी खिशात घालून त्यांनी तिथूनच मुलाला फोन लावला.