एक एचपीची मोटर

बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं, म्हणून आमच्या वाट्याला लांबलचक इंटर्नशिप आली. मला टेमघरजवळची शाळा मिळाली. भिवंडी-कल्याण रस्त्यावर रिक्षा मेट्रोच्या खांबांशी अडकली की मी मांडीवर टाचणवही उघडायचे. ‘पूर्वज्ञान’ या मथळ्याखाली ठरलेलं वाक्य असायचं : विद्यार्थ्यांना कार्याची व्याख्या माहीत आहे.

पहिल्या वर्षीचं सूक्ष्म अध्यापन सोपं होतं. सहा-सात मिनिटांचा पाठ, समोर आमच्याच मैत्रिणी विद्यार्थी होऊन बसलेल्या. हवं तेच उत्तर देणाऱ्या गुणी पोरी!

इथे नववीला ‘कार्य आणि ऊर्जा’मधली शक्ती शिकवायची होती. पोती उचलणाऱ्या दोन हमालांचा तक्ता मी रात्री जागून रंगवला होता. १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, असं फळ्यावर लिहिलं तोच मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, आमच्या लूमच्या मोटरवर एक एचपी लिहिलंय. तेच हे?”

घरी तेलुगू बोलणारा, एरवी तोंड न उघडणारा मुलगा. वडील यंत्रमागावर.

हमाल गुंडाळून ठेवले. बारा तासांची पाळी धरून गुणाकार केला : ८९५२ वॅट-तास, म्हणजे जवळजवळ ९ युनिट. युनिट म्हणजे काय ते सांगावं लागलं नाही. वीजबिल त्या पोरांना पाढ्यांसारखं पाठ होतं. मग तोच म्हणाला, “पण मीटर नऊच दाखवत नाही.”

मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. “उद्या सांगते,” एवढंच म्हणाले. निरीक्षकांनी वहीत शेरा मारला : वेळेचं नियोजन नाही, मूल्यमापन राहिलं. खरंच राहिलं होतं.

रात्री पुस्तकं काढली. पाटीवरचा एचपी म्हणजे पूर्ण भाराला मोटरच्या दांड्यावर मिळणारी शक्ती. तारेतून त्याहून जास्त घ्यावी लागते, कारण काही ऊर्जा उष्णता होऊन जाते. शिवाय भार दिवसभर सारखा नसतो.

दुसऱ्या दिवशी हे सगळं फळ्यावर मांडलं. त्याने मान डोलावली.

“धागा तुटला की माग थांबतो, मोटर फिरतच राहते,” तो म्हणाला. “आणि उष्णता म्हणाल तर संध्याकाळी तिला हात लावून बघा. चटका बसतो.”

मी ते टाचणवहीत लिहून घेतलं, पूर्वज्ञानाच्या मथळ्याखाली.