बावीस स्पीडचं कासव

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. उन्हाळ्यात नागपुरात माणूस काय लिहिणार? दुपारी बारा ते पाच कूलरसमोरून उठायचं नाही, हा आमच्याकडचा अलिखित कायदा. यंदा मात्र कूलरसमोर मी एकटा नव्हतो. पुण्याहून नातू आला होता. वय वर्षं तेरा. सोबत लॅपटॉप, आणि लॅपटॉपमध्ये राक्षस.

राक्षस म्हणजे पोकेमॉन. हे नाव मला नवीन नाही. २००३ साली ती मालिका आपल्याकडे कार्टून नेटवर्कवर सुरू झाली आणि पुढची दोन-तीन वर्षं मी वर्गात चिप्सच्या पुड्यातून निघणाऱ्या त्यांच्या गोल चकत्या जप्त करत होतो. टेबलाचा एक खण भरला होता. वर्ष संपताना परत देईन म्हणायचो, देत नसे. आता नातवाने तेच प्राणी माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, "आबा, मला टीम बांधायची आहे. तुम्ही समोरचे व्हा."

आधी वाटलं, पोराला सरावासाठी कोणी सापडेना म्हणून आबा. तेही खरंच होतं म्हणा. पण हे प्रकरण भलतंच निघालं.

खेळ कसा असतो ते थोडक्यात सांगतो. (नातेवाइकांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण सोडू नका.) प्रत्येकाने सहा प्राण्यांची टीम करायची. एकच प्राणी दोनदा नाही, आणि दोघांच्या हाती एकच वस्तूही नाही. सामना सुरू होताना दोघांनाही एकमेकांचे सहाही दिसतात, आणि नव्वद सेकंदांत त्यातले चार निवडायचे. मैदानात एका वेळी दोन-दोन उतरतात. प्रत्येक फेरीला पंचेचाळीस सेकंद. दोघांनी गुपचूप हुकूम द्यायचे, मग ज्याचा स्पीड जास्त तो आधी हालचाल करणार. वर अठरा प्रकार: पाणी आगीला भारी, आग गवताला, गवत पाण्याला, आणि पुढे असंच. १९९६ साली जपानमध्ये पहिला खेळ आला तेव्हा १५१ प्राणी होते, आता हजाराच्या वर गेलेत. हे सगळं सुचलं ते सातोशी ताजिरी नावाच्या माणसाला, ज्याला लहानपणी किडे गोळा करायचा नाद होता. आपल्याकडे असता तर त्याच्या आईने डबीसकट बाहेर फेकले असते!

नातू 'शोडाउन' नावाच्या संकेतस्थळावर खेळतो. तिथे प्राणी पकडायचे, वाढवायचे कष्ट नाहीत. हवा तो घ्या, टीम बांधा, लढा. मी पहिली टीम माझ्या पद्धतीने बांधली. म्हणजे ताकदीचे आकडे पाहिले आणि वरून नावं उचलली. गारचॉम्प, ड्रॅगोनाईट, सॅलामेन्स, सगळे ड्रॅगन, दिसायलाही दणदणीत. नातवाने काही न बोलता एक पांढरी कोल्हीण उतरवली. ती आली की बर्फ पडू लागतो, आणि बर्फ पडत असताना तिचं हिमवादळ चुकत नाही, वर ते समोरच्या दोघांनाही लागतं. माझ्या या तिन्ही ड्रॅगनांना बर्फाचा मार चौपट! तीन फेऱ्यांत खेळ खलास.

"आबा, तुम्ही सगळे मेरिट लिस्टवालेच घेतले," तो म्हणाला.

हे मात्र लागलं. कारण टीम बांधणं हे काम मी आयुष्यात केलेलं आहे. मी शिकवायचो मराठी आणि इतिहास, पण आमच्या शाळेत खेळाच्या शिक्षकांची जागा कित्येक वर्षं रिकामी होती, म्हणून खो-खोचा संघ माझ्या गळ्यात पडला आणि पडला तो राहिला. खो-खोत बारा जण, त्यातले नऊ मैदानात. आठ जण एकाआड एक तोंडं फिरवून चौकोनात बसलेले, एक पळणारा. मागे वळायचं नाही, मधली रेघ ओलांडायची नाही. समोरचे धावणारे तीन-तीनच्या तुकडीने येणार. नुसता वेग असून इथे भागत नाही. पहिल्या तीनांत कोण जाणार, खांबाजवळ कोण बसणार, नवव्या मिनिटाला डोकं शांत कोणाचं राहतं, हे बघावं लागतं. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या मुलांनी आणि मुलींनी दोन्हीकडे जिंकला, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. तिथले नियम थोडे वेगळे होते, मैदानात सातच जण, पण टीव्हीसमोर बसून मी हेच पाहत होतो, कोणाला कधी उतरवतात ते. आमची ही म्हणाली, "तुम्ही स्कोअर बघताय की हजेरी घेताय?"

तर मग मी वही घेतली. दोन रकाने केले: कोण मारणार आणि कोण मारणाऱ्याला सांभाळणार. इथून गंमत सुरू झाली. इनसिनरोर नावाचा एक बोका आहे. तो मैदानात आल्या आल्या डोळे वटारतो आणि समोरच्या दोघांच्याही हल्ल्याचा जोर कमी होतो. (आमचे एक पर्यवेक्षक आठवले. नुसते वऱ्हांड्यातून गेले की वर्ग गप्प.) शिवाय उतरल्यावर पहिल्या फेरीत तो अशी टिचकी मारतो की समोरच्याची पाळीच जाते. दुसऱ्या फेरीत तीच टिचकी चालत नाही, म्हणून त्याला आत-बाहेर करत राहायचं. एक अळंबी आहे, अमूंगस. ती स्वतःवर मार ओढून घेते म्हणजे शेजारच्याला आपलं काम करता येतं. अशा मुलांना बक्षीस समारंभात कधी बोलावत नाहीत, पण संघ त्यांच्यावर उभा असतो.

मग गुण वाटायचे. नातू खेळतो त्या स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये, म्हणजे २०२२ साली आलेल्या खेळात, प्रत्येक प्राण्याला ५१० गुण असतात आणि एका बाबतीत जास्तीत जास्त २५२ घालता येतात. म्हणजे दोनच बाबी पूर्ण भरता येतात, सहा गुण चिमूटभर उरतात. सगळ्यांची लेव्हल ५० धरतात, आणि तिथे साधारण आठ गुण घातले की आकडा एकाने वाढतो. मी जन्मभर पेपर तपासले, अर्ध्या मार्कासाठी पालकांशी भांडलो, पण असा हिशेब कधी केला नव्हता. दोन दुपारी त्यात गेल्या. खाली संत्र्याचा रस ठेवलेला गरम होऊन गेला.

नातवाला मध्यभागी हवं होतं एक कासव. तोरकोल. पाठीवर कोळसा, नाकातून धूर. हे कासव आलं की कडक ऊन पडतं, उन्हात आगीचा जोर दीडपट होतो, आणि त्याचा ज्वालामुखी समोरच्या दोघांना भाजतो. पण अंगात ताकद पूर्ण असेल तरच, जसजसा मार खाईल तसतसा ज्वालामुखी विझत जातो. आणि स्पीड? माझ्या गारचॉम्पचा १६९ पर्यंत जातो. नातवाने कासवाचा स्वभाव आणि आकडे मुद्दाम असे निवडले, की त्याचा स्पीड २२ वर आला. मी म्हटलं, "अरे, आधीच मंद, त्याला आणखी मंद कशाला करतोस?"

"ट्रिक रूम," तो म्हणाला.

ट्रिक रूम म्हणजे पाच फेऱ्यांसाठी नियम उलटा. सगळ्यात मंद तो सगळ्यात आधी. लावण्याची फेरी धरून पाच, म्हणजे हाती चारच. ती लावते एक जिराफ, फारिगिराफ, आणि लावताना ती त्या फेरीत सगळ्यांत शेवटी लागू होते. तोपर्यंत जिराफ टिकलं पाहिजे. टिकावं म्हणून शेजारी अळंबी. त्या जिराफाच्या शेपटीपुढे बोक्याची टिचकीसुद्धा चालत नाही. हे सगळं जमलं की चार फेऱ्या कासव राजा.

त्याचे पुण्याचे मित्र कासवाला हसले होते. त्याने मला २०१४ सालची गोष्ट सांगितली. वॉशिंग्टनला जागतिक स्पर्धा होती, दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्कने पाचिरिसू नावाची एवढीशी खार टीममध्ये घेतली होती. तिला कोणी खिजगणतीत धरत नव्हतं. तिचं काम मार स्वतःवर ओढून घ्यायचं. तो विश्वविजेता झाला. हे सांगताना पोराचा आवाज असा झाला होता, जसा आमचा पावनखिंडीचा धडा शिकवताना व्हायचा.

आणि मला नेमका तेव्हाच तो मुलगा आठवला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. साल आणि नाव लिहीत नाही. अंगाने जाड, पायाने मंद. पण खांबाजवळच्या चौकोनात बसला की धावणारा कुठे वळणार हे त्याला आधी कळायचं, आणि 'खो' मिळाल्याशिवाय तो कधी उठायचा नाही. एकही फाऊल नाही. तीन महिने पहाटे साडेपाचला मैदानावर सगळ्यांच्या आधी हजर, फक्की मारायलाही तोच. आंतरशालेय सामन्याच्या आदल्या दिवशी मी त्याला काढलं. नववीत एक नवा मुलगा आला होता, हरणासारखा पळायचा. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तुझ्याच्याने पळणं होत नाही, जर्सी याला दे." एवढंच वाक्य. दुसऱ्या दिवशी त्याने जर्सी धुऊन, घडी करून आणून दिली. नवा मुलगा 'खो' मिळायच्या आधीच उठत राहिला, फाऊलवर फाऊल, दोन गुणांनी हरलो. तो मुलगा पुन्हा मैदानावर दिसला नाही. माझ्या तासाला मात्र बसायचा, शेवटच्या बाकावर, दहावी होईपर्यंत.

रात्री गच्चीवर नातवाला हे सांगितलं. सांगायचं नव्हतं, बोलता बोलता निघालं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग विचारलं, "मग तुम्ही त्याला सॉरी म्हणालात?"

आमच्या वेळी मास्तर विद्यार्थ्यांना सॉरी म्हणत नसत. मी तसं म्हणालो. तो म्हणाला, "हं."

त्या रविवारी मित्रांची स्पर्धा होती. आठ जण, तीनपैकी दोन जिंकायचे. पहिली फेरी पार पडली आणि हा उपांत्य सामन्यात आला. पहिला डाव कासवाने एकहाती काढला. दुसऱ्या डावात समोरच्याने पहिल्याच फेरीत जिराफाला डिवचलं. डिवचलेला प्राणी नुसता हल्लाच करू शकतो, त्याला ट्रिक रूम लावता येत नाही. कासव उन्हात उभं राहिलं आणि मार खाऊन आडवं झालं. तिसऱ्या डावाआधी ते नव्वद सेकंद. त्याने कासवावर बोट ठेवलं, काढलं, माझ्याकडे बघितलं. मला खूप काही म्हणायचं होतं. म्हणालो, "टीम तुझी आहे." त्याने कासव घेतलं.

हरला. लॅपटॉप मिटला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "कासवामुळे नाही हरलो, आबा. जिराफाला मीच उशिरा पाठवलं. नियम उलटे असतानाच्या दोन फेऱ्या वाया गेल्या." मी तेरा वर्षांचा नव्हतो, पस्तिशीचा होतो, आणि त्या सामन्यानंतर परतीच्या एसटीत मी पंचांना नावं ठेवत बसलो होतो.

जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप गटातून नंबर मिळाला. तो आता उमरेडकडे असतो, दुकान आहे, थोडी शेती. फोन लावला. वीस मिनिटं तोच बोलला. गुडघे, पाऊस, मुलीचं लग्न, कोण कोण गेलं. माझे पाठांतराचे तास त्याला आठवत होते. नातू समोर बसून हाताने खुणा करत होता, बोला, बोला. शेवटी मी जर्सीचं काढलं. म्हटलं, ते माझं चुकलं होतं, तेव्हाही कळलं होतं.

पलीकडे जरा वेळ कोणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "अजी सर, थे जर्सी मले तशीबी मोठीच होत होती."

आणि उन्हाळा फार आहे, दुपारचे बाहेर निघू नका, असं सांगून त्याने फोन ठेवला.

ती जर्सी त्याला तंग बसायची. त्याच्या आईने बगलेत तुकडा जोडून दिला होता. धुऊन परत आली तेव्हा तो तुकडा उसवून काढलेला होता.

नातू परवा पुण्याला गेला. जाताना माझ्या लॅपटॉपवर त्याने एक टीम ठेवून दिली आहे, शोडाउनवर माझं खातंही उघडलं आहे. तिथे नवख्याचा आकडा हजारापासून सुरू होतो. काल रात्री मी चार सामने खेळलो, चारही हरलो. आज दुपारी परत बसणार आहे. जिराफ आधी.